दुपारी गेलेली लाईट

माझ्या नातीची मे महिन्याची अख्खी सुट्टी मी एका झटक्यात पुसून टाकली. मेन स्विच खाली ओढून. भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन.

तेव्हा मी नुकती पासष्टीची झाले होते, म्हणजे तशी अजाणच. आता सत्तरीला टेकल्यावर थोडीफार अक्कल आलीय, म्हणून त्या बाईकडे जरा लांबून बघता येतं. तिची टिंगल करायला मला आवडतं. पण ती दुपार आठवली की टिंगल करतानाही कान गरम होतात.

नात त्या वर्षी दहाची होती. दर मे महिन्यात ती मुंबईहून आमच्याकडे मिठबावला येते. त्या खेपेस तिने येताना एक खेळ आणला. टीव्हीला जोडायचा काळा डबा, आणि त्याचे दोन रिमोट. खोक्यावर लिहिलं होतं, सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांसाठी, कुटुंबाने एकत्र खेळायचा खेळ. वयाची खालची हद्द लिहिली होती, वरची लिहायचं कोणाला सुचलं नव्हतं.

“आजी, तू दुसरा रिमोट घे,” ती म्हणाली. “माझी खार, तुझं अस्वल.”

ते अस्वल होतं असं तिचं मत. मला ते साळिंदर वाटायचं. जाडं, बुटकं, पळताना ढुंगण हलवणारं. खारीचं आणि साळिंदराचं घर पुरात वाहून गेलेलं असतं, आणि दोघांनी उड्या मारत मारत ते शोधत जायचं, एवढीच गोष्ट. प्रत्येक लेव्हलच्या शेवटी झाडाच्या बुंध्यात एक दार. दोघंही दारात येऊन उभी राहिली तरच ते उघडतं. एक पोचलं आणि दुसरं मागे राहिलं, तर पोचलेल्याने थांबायचं.

उड्या म्हटल्यावर मी पदर खोचला. लहानपणी पावसात शाळेला जाताना व्हाळातल्या, म्हणजे आमच्या ओढ्यातल्या, या दगडावरून त्या दगडावर जात मी परकर न भिजवता पलीकडे पोचायची. हे मी नातीला सांगितलंसुद्धा, चांगलं तिखटमीठ लावून. मग बटण दाबलं आणि माझं साळिंदर पहिल्याच पाण्यात डुबुक करून पडलं.

पडलं ते पडलं, वर खुदकन हसलं. हा त्या खेळाचा सगळ्यात मोठा छळ. आपण मेलो की जनावर हसतं, छान बाजा वाजतो, आणि आपण पुन्हा होतो तिथेच. कोणी रागावत नाही, कोणी ओरडत नाही. ओरडलं असतं तर मी पहिल्या दिवशीच रिमोट ठेवून कुळथाची पिठी शिजवायला गेले असते. पण ते हसणं डोक्यात जायचं. एवढं मऊमऊ जनावर मला हसतं म्हणजे काय!

मी बटणाबरोबर अंगाने उडायचे. खुर्चीतून वर जायचे, रिमोट डोक्यावर न्यायचे, पाय उचलायचे. नवरा ओट्यावरून बघत होता.

“अगो, तू कित्याक उडतंस? त्या जनावराक उडव!”

“तुमी गप ऱ्हवा ओ. खेळताना बोलू नये.”

चौथ्या-पाचव्या दिवशी मला त्याची गोडी लागली. नेमकी कशाची, ते सांगणं कठीण. व्हाळात पाय सुटला की सुटला, परकर भिजलाच. इथे हवेत असतानाही जनावराला थोडं इकडे, थोडं तिकडे वळवता येतं. उडी चुकली असं वाटतं आणि शेवटच्या टोकाला त्याचे पुढचे पाय काठाला धरतात. तेव्हा पोटात जे काही होतं त्यासाठी मी रोज सकाळची कामं उरकून तयार बसायचे. अंघोळ करून, केस विंचरून. एकदा दारात कोळीण आली, बांगड्यांची पाटी डोक्यावर, तर मी म्हटलं, “पाच मिन्टां थांब गो.” ती थांबली. खिडकीतून बघत राहिली. आणि थोड्या वेळाने तिचाच आवाज आला, “वयनी, उजवे बाजून मारा उडी, उजवे बाजून!” त्या दिवशी बांगडे जरा मऊच मिळाले.

छळ दुसराही होता, आमच्याकडचाच. लाईट जायची. मे महिन्यात ती जातेच. लेव्हल अर्धी चढून गेलेलो असायचो आणि टप्, पडदा काळा. लाईट आल्यावर पुन्हा त्या लेव्हलच्या पायथ्याशी. आधीच्या लेव्हल मात्र सुरक्षित. एक लेव्हल संपली की पडद्याच्या कोपऱ्यात छोटं हिरवं पान गरगर फिरायचं, म्हणजे डबा केलेलं काम साठवून ठेवतोय. नातीने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “पान फिरत असताना कशालाही हात लावायचा नाही. लाईट गेली तर देवाची मर्जी, पण आपण हात लावायचा नाही.”

“नाय लावणार गो बाय,” मी म्हटलं होतं. हे मी म्हटलं होतं, ते लक्षात ठेवा.

नात माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज. तिची खार केव्हाच दारात पोचायची आणि माझं साळिंदर मागे तरंगत्या ओंडक्यांवर धडपडत असायचं. ते ओंडके पाय टेकला की बुडायला लागतात. मी घाबरून थांबायचे, आणि थांबलं की मेलं. नात दारात उभी राहून नुसतं उडीचं बटण दाबत बसायची. खार जागच्या जागी टुणटुण करायची. “ये आजी, घाई नाही,” ती म्हणायची. पुन्हा डुबुक. पुन्हा खुदकन. “ये आजी, घाई नाही.” तिला कंटाळा येत नसेल असं नाही. पण तो तिने मला कधी ऐकू येऊ दिला नाही.

मी ऐकला तो चोरून. ती मागच्या पडवीत मुंबईच्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. “आजी मस्त आहे गं, पण सारखी मरते. तिच्यामुळे एका लेव्हलला दोन दोन दिवस.” आणि दोघी हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं, खरंच होतं ते. पण मला झोंबलं. नातीने हसावं आणि मला झोंबावं, हे पासष्टीच्या बाईला शोभतं का? त्या बाईला शोभलं.

मग मी चोरून सराव करायला लागले. दुपारी जेवणं झाली की नात शेजारी माझ्या धाकट्या जावेच्या घरी पत्ते कुटायला जायची. नवरा माजघरात पंख्याखाली आडवा. मी टीव्हीचा आवाज बंद करून बसायचे. झालेल्या लेव्हल पुन्हा खेळता येत होत्या. त्यातच मला कळलं की एकच रिमोट चालू ठेवला तर खेळ एकट्यासाठी होतो, आणि एकट्यालाही दार उघडतं. हे कळलं नसतं तर बरं झालं असतं. आणि साळिंदर जड, म्हणून मी तिचा रिमोट घ्यायचे. तिची खार. ती काय हलकी होती! जणू माझीच दहाव्या वर्षाची तंगडी कोणीतरी परत आणून दिली.

आठवड्याभरात ओंडके पार व्हायला लागले.

“आजी! तू केवढी सुधारलीस!”

“डोळ्यांत थेंब घालते ना डॉक्टरांचे. आता स्पष्ट दिसतं,” मी म्हटलं. पहिली थाप. ती मला थापसुद्धा वाटली नाही, गंमतच वाटली.

सुट्टी संपत आली आणि एकच लेव्हल उरली. सोमवारी तिचा बाप तिला न्यायला येणार होता. शेवटची लेव्हल शनिवारी संध्याकाळी खेळायची असं तिने ठरवलं. तिघांनी बसायचं, आजोबांनीसुद्धा ओट्यावरून आत यायचं, शेवट तिघांनी मिळून बघायचा आणि मग खाजं खायचं. खाजं तिला जत्रेसारखं ताजंच हवं होतं, गुळाचा पाक अजून चिकट असलेलं. म्हणून शनिवारी दुपारी माझी जाऊ तिला रिक्षाने कुणकेश्वरला घेऊन गेली. दर्शनही होईल आणि खाजंही येईल. जाताना नात मला म्हणाली, “आजी, आज झोप काढ. संध्याकाळी डोळे फ्रेश पाहिजेत.”

मी झोपायला गेलेसुद्धा. पडून राहिले. उठले. म्हटलं, नुसतं बघून येऊ शेवटची लेव्हल सुरू कशी होते ते. पहिली उडी तेवढी बघू. संध्याकाळी सगळ्यांसमोर पहिल्याच उडीला डुबुक झालं तर? नवरा बघणार, नात बघणार. आणि मैत्रिणीला फोन होणारच.

नात सुट्टीला आली त्या दिवशी आम्ही आमच्या हापूसची आढी उघडली होती. पहिला आंबा देवापुढे ठेवून सगळ्यांना फोड मिळेपर्यंत मी तिला तो हुंगूसुद्धा दिला नव्हता. पेंढ्यात हात घातला तर चापट मारली होती. “आधी देवाक, मगे सगळ्यांनी मिळान,” असं मोठ्या तोऱ्यात सांगणारी मी.

पहिली उडी बघितली. ती जमली. म्हणून दुसरी बघितली. तिथे वाऱ्यावर झुलणाऱ्या वेली होत्या, एकीचा हात सोडून दुसरी धरायची. दोनदा पडले, आणि पडल्यावर सोडून कसं जायचं? पडून सोडलं तर ते डोक्यात राहतं. मग जमलं, आणि जमल्यावर तर सोडवतच नाही. असं करत करत मी कुठे पोचले ते मला दार दिसल्यावर कळलं. दार समोर होतं. तिथे थांबता आलं असतं. खारीला मागे फिरवून एखाद्या खड्ड्यात ढकललं असतं तरी चाललं असतं. मी बोट उचललं नाही. खार दारात गेली.

शेवट छान होता. एवढंच. त्याहून जास्त सांगायचा माझा हक्क नाही.

मग पडद्यावर खेळ बनवणाऱ्यांची नावं सरकायला लागली आणि मी भानावर आले. आता हे तिला दिसणार. खेळाच्या नकाशावर, संपलेल्या लेव्हलला लागतो तसा, शेवटच्या दाराशी दिवा लागणार आणि तिला कळणार. काय करू? आणि मग त्या बाईच्या डोक्यात जी कल्पना आली तिला मी आजही मानते. मे महिनाभर आम्ही शिकलो होतो काय? लाईट गेली की ती लेव्हल झाली नाही असं होतं. आपण पुन्हा तिच्या पायथ्याशी येतो. मग लाईट घालवावी!

मी स्टुलावर चढले आणि मेन स्विच खाली ओढला. ओढता ओढता मान वळली आणि पडद्याच्या कोपऱ्यात पान दिसलं. गरगर फिरत होतं.

आतून नवऱ्याचा आवाज आला. “लाईट गेली काय गो?”

“गेली,” मी स्टुलावरूनच म्हटलं.

“मगे शेजारची मोटार कशी चलता?”

खरंच, जावेच्या विहिरीवरची मोटार घों घों करत होती.

“त्येंचो फेज वेगळो आसतलो.”

“आसात,” म्हणाले, आणि कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन स्वतःला वारा घालायला लागले. मी त्यांना घामात तसंच थोडा वेळ ठेवलं. लगेच लाईट आली तर संशय येईल, एवढा विचार मी केला होता. पानाचा केला नव्हता.

मग स्विच वर केला, डबा लावला. खार आणि साळिंदर ढोलीत एकमेकांना बिलगून झोपलेली. पहिल्या दिवशी होती तशीच. नकाशा कोरा. एकही दार नाही, एकही दिवा नाही. मी सगळी बटणं दाबून बघितली. डबा बंद करून पुन्हा लावला. त्याच्यावर हलकी थापसुद्धा मारली, जुन्या रेडिओला मारायचो तशी. काही नाही. ओंडके, गुहा, कमळाच्या पानांचं तळं, तिने माझ्यासाठी दोन दोन दिवस थांबून काढलेलं सगळं गेलं होतं.

डबा बंद केला, तोंड धुतलं आणि चहा ठेवला.

रिक्षा आली. नात धावत आत आली, खाज्याचा पुडा माझ्या हातात दिला, आणि आजोबांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. टीव्ही लावला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिची पाठ मला दिसत होती.  ती बटणं दाबत राहिली, मी दाबली होती तशीच, त्याच क्रमाने.

“आजी,” ती म्हणाली, “सगळं गेलं.”

“दुपारी लाईट गेली होती गो,” मी म्हटलं.

“होय, गेल्ली,” नवरा म्हणाला. बिचारा साक्षीदार, खोटं बोलतोय हे त्याला माहीतच नव्हतं. “एक फेज गेल्लो.”

“पण डबा बंद असताना लाईट गेली तर काही होत नाही.” ती विचार करत होती.  मग तिचा चेहरा पडला. “म्हणजे मीच सकाळी नीट बंद केला नसणार. पान फिरतच राहिलं असणार. माझ्यामुळे गेलं.”

इथे बोलायचं होतं. तोंड उघडायचं आणि बोलायचं. मी पुड्याची दोरी सोडत राहिले.

तिने डोळे पुसले, उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या कमरेला मिठी मारली. “सॉरी, आजी,” ती म्हणाली. “तू एवढी शिकली होतीस.” पुड्यातला सगळ्यात मोठा खाज्याचा तुकडा तिने काढून मला दिला. तो मी खाल्ला. कसा खाल्ला ते विचारू नका, पण खाल्ला.

रविवारी सकाळी मी केळीच्या पानावर आंबोळ्या वाढल्या तरी ती नीट जेवली नाही. मी मात्र बोलले नाही. आज सांगू, दुपारी सांगू, मुंबईला गेल्यावर फोनवर सांगू. फोनवर कान गरम झालेला कोणाला दिसत नाही. चांगला बेत होता.

दुपारी तीच माझ्यापाशी आली. “आजी, उद्या जायच्या आधी पहिल्या दोन-तीन लेव्हल तरी परत करू या? तुझी सवय जायला नको.”

ती खारीचा रिमोट घेऊन बसली, मी साळिंदराचा. नवरा ओट्यावर. पहिली लेव्हल, साधी, पाण्याचं एकच डबकं. मी डोळे मिटून पार केलं असतं. पण पहिल्याच उडीत मी इतकी सफाईदार गेले, तर तिला काय वाटेल? डोळ्यांच्या थेंबांची थाप कितीसं पेलणार? मी मुद्दाम उडी उशिरा मारली. डुबुक. खुदकन. पुन्हा मारली, पुन्हा मुद्दाम चुकवली. तिच्यासमोर मी आंधळी-लंगडी झाले होते आणि ते मला झकास जमत होतं.

खार केव्हाच दारात पोचली होती. जागच्या जागी टुणटुण करत होती.

“ये आजी,” नात म्हणाली. “घाई नाही.”

मी रिमोट मांडीवर ठेवला. साळिंदर डबक्याच्या काठावर उभं राहिलं.

“तू नीट बंद केला होतास,” मी म्हटलं. “लाईट गेली नव्हती. मी मेन स्विच ओढला.” मग एकदा सुरू झाल्यावर सगळंच आलं. दुपारचे सराव, तिचा रिमोट, डोळ्यांचे थेंब, शेवटची लेव्हल, दार, पान. क्रम सगळा उलटसुलट झाला. फोनवरचं तिचं हसणं सांगायचं मी गाळलं. तेवढी तरी लाज होती. पण शेवट बघितला हे मी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिला ते कळलं नाही असं मला वाटलं. कळलं होतं.

ओट्यावरून नवऱ्याचा आवाज आला. “म्हंजे लाईट गेलीच नव्हती? आणि मी हंय पुठ्ठ्यान वारो घालत बसलंय?”

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं ती रडेल, रिमोट टाकेल, आईला फोन लावेल. मी तिन्हींची तयारी केली होती. तिने यातलं काही केलं नाही. रिमोट तिच्या हातातच होता, पण तिने बटण दाबायचं थांबवलं होतं, आणि पडद्यावर खार दारात अगदी गप्प उभी राहिली होती. नात तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघताच हळू म्हणाली,

“पण आजी, मी तर प्रत्येक वेळी दारात थांबले ना गं तुझ्यासाठी.”